कानबाईचा पदर

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर कानबाईची मूर्ती नसते. पिढ्यान्‌पिढ्या देव्हाऱ्यात जपलेला एक नारळ असतो. चौरंगावर त्याची मांडणी होते, त्याला डोळे लागतात, नथ लागते आणि शेवटी लुगडं. नथीपर्यंत तो नारळच असतो. पोरं आजूबाजूला हुंदडतात, कुणीतरी त्याला हातानं सरळही करतं. पण लुगडं नेसवून पदर डोक्यावरून घेतला की घरातले पुरुष टोप्या सारख्या करायला लागतात. माझा धाकटा भाऊ वकील आहे, जगात कुणाला घाबरत नाही. तोही त्या क्षणी मोबाइल खिशात टाकून हात जोडतो. नारळ तोच, चौरंग तोच. मधे फक्त कापड आलेलं असतं.

आमच्या कानबाईचं लुगडं वर्षातून दीड दिवस ट्रंकेबाहेर येतं. अंग जांभळं, विटून विटून राखेकडे झुकलेलं, आणि पदर सोन्याचा. जिजी, म्हणजे माझी आजी, सोन्याचाच म्हणायची. जर आता तांबूस पडलीय, तरी दिव्याच्या उजेडात त्या जरीतून हिरवे पोपट आणि लाल फुलांचा वेल अजून वर येतो. माझ्या लग्नात मी हट्ट धरला होता की सप्तपदीला तरी हेच नेसणार. जिजीनं एका वाक्यात विषय संपवला. "हाई लुगडं आपलं नही, कानबाईनं से. आपन नेसानं नही."

आमचं नाही, हे जिजी अगदी खरं बोलत होती. ते किती खरं होतं हे मला कळायला पुढं तीस वर्षं लागली.

घरात लुगड्याची कथा ठरलेली होती. आमचे खापरपणजोबा बडोद्याला गेले, महाराजांनी खूश होऊन त्यांना पोशाख दिला, त्यातलं हे. काय बघून खूश झाले हे प्रत्येक पिढीत बदलायचं. कधी बैलजोडी, कधी कुस्ती, कधी हिशेबातली हुशारी. पोशाख मात्र बदलायचा नाही. लहानपणी मला त्या कथेत काही खटकायचं नाही, कारण राजानं कापड द्यायचं आणि आपण ते जन्मभर मिरवायचं हे इतकं ओळखीचं होतं की त्याला पुरावा लागतो हेच मनात यायचं नाही.

आपल्या भाषेतच ते मुरलेलं आहे. कापड आपण विकत घेतो, कपडे घालतो आणि वस्त्रं मिळतात. बाळाजी विश्वनाथाला १७१३ साली पेशवाईची वस्त्रं मिळाली, बाजीरावाला १७२० साली. पद मिळालं असं कुणी म्हणत नाही. 'पेशवाईचे कपडे' म्हणून बघा, वर्गातली पोरं हसतील. मी इतिहास शिकवत होते तेव्हा खरंच हसली होती. वस्त्रं, शिक्का आणि कट्यार साताऱ्याहून आली की माणूस पेशवा. त्या तिघांत वस्त्रांचं नाव पुढं, आणि कट्यारीपेक्षा जास्त ताकद त्यांच्यातच. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावाचा जन्म झाला, आणि २८ मे ला, म्हणजे चाळीस दिवसांच्या पोराला, पेशवाईची वस्त्रं मिळाली. चाळीस दिवसांचं बाळ! मी बाळंतिणीच्या खोलीत ते चित्र डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करते. शेकशेगडी, धुरी, दुपट्यात गुंडाळलेलं पोर, आणि त्याच्या अंगाच्या चौपट मोठं ते जरीचं ओझं. अंगावर घालणार कसं? टेकवलं असेल नुसतं. पण तेवढ्यानं रघुनाथरावाला आदल्या वर्षी मिळालेली वस्त्रं जुनी झाली. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावाविरुद्ध एक झालेल्या कारभाऱ्यांनी, जे केलं ते तलवारीनं करायला किती माणसं लागली असती, हिशेब करा.

आणि फौजेच्या पुढं जो झेंडा चालायचा त्याचं नाव काय, तर जरीपटका. विणकराच्या मागावरचा शब्द थेट रणात.

उत्तरेत याला खिलत म्हणत, सरोपाही म्हणत. बादशहा द्यायचा तो पोशाख. एक अंगरखा, पागोटं, कमरेला पटका. मान वाढला की नगही वाढायचे. अबुल फजल 'आइन-इ-अकबरी'त लिहितो की बादशाही कोठीसाठी दर मोसमाला एक हजार पूर्ण पोशाख तयार होत, आणि त्यातले एकशे वीस बारा गठ्ठ्यांत बांधून कायम हाताशी ठेवलेले असत. लाहोर, आग्रा, फत्तेपूर आणि अहमदाबाद इथले कारखाने त्यासाठी चालत. मला त्यातले ते बारा गठ्ठे फार आवडतात. कुणावर केव्हा मर्जी होईल सांगता येत नाही, म्हणून मर्जी आधीच घडी घालून ठेवलेली! आमच्याकडं लग्नसराईत आई कपाटात टॉवेल-टोप्यांचा गठ्ठा तयार ठेवायची, अगदी तसं. कोण अचानक आहेर घेऊन येईल, त्याला परत काही दिल्याशिवाय कसं पाठवायचं? खानदेशातल्या लग्नात नवरदेव-नवरी स्टेजवर ताटकळत उभी असतात आणि माइकवरून अर्धा तास नावं पुकारली जातात, की अमुक गावचे अमुक आप्पा यांनी टॉवेल-टोपी स्वीकारावी. त्या टॉवेलनं आजवर कुणी अंग पुसलेलं नाही. तोच टॉवेल पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या खांद्यावर जातो. पण नाव पुकारलं नाही तर सोयरीक तुटायची वेळ येते. माझ्या चुलत्यांनी एका टोपीपायी व्याह्यांशी सात वर्षं अबोला धरला होता. आम्ही त्यांना हसायचो. पण आग्र्याच्या दरबारात १२ मे १६६६ ला जे झालं ते वर्गात शिकवताना मला तेच चुलते आठवायचे, आणि हसू यायचं नाही.

बादशहाच्या वाढदिवसाचा दरबार. विडे वाटले गेले, मग खिलती. शाहजाद्यांना मिळाल्या, वजिराला मिळाली, जसवंतसिंगाला मिळाली. शिवाजी महाराज रांगेत मागं उभे, त्यांच्यापर्यंत कापड आलंच नाही. नंतर खिलत देऊ केली गेली तेव्हा त्यांनी ती अंगावर घ्यायला साफ नकार दिला. आपण ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगतो, ती आहेच. पण त्या क्षणाची भाषा कापडाची होती. आधी न देऊन बादशहा बोलला, आणि मग न घेऊन महाराज बोलले. दरबारातल्या प्रत्येकाला दोन्ही वाक्यं समजली.

खिलतीतली मेख अशी की ती घ्यायला खांदा पुढं करावा लागतो. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीराकडं चालला होता, तो सुरतेहून नंदुरबार, चोपडा असा आमच्याच रस्त्यानं नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपूरला पोचला. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण ते फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होतं, आणि आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून ते परराज्य वाटत नाही. तिथं शाहजादा परवेझ सुभेदार होता. रोनं लिहून ठेवलंय, की शाहजादा उंचावर बसलेला, डोक्यावर भारी चांदवा, खाली सगळीकडं गालिचे. आणि गाव? थोडी बडी घरं सोडली तर मातीची खोपटं. रोला बसायला खुर्ची हवी होती, ती मिळाली नाही. पुढच्या वर्षी अजमेरला शाहजादा खुर्रमनं त्याला आपल्या अंगावरचा, एकदोनदा घातलेला जरीचा अंगरखा दिला, तिथंच त्याच्या पाठीवर चढवला. राजपुत्राचं उतरलेलं वस्त्र मिळणं ही तिथली सगळ्यात मोठी मेहेरबानी, असं रो स्वतःच सांगतो. पण त्याचा सूर ऐकला तर कळतं, गडी खूश नव्हता. दुसऱ्याचं वापरलेलं कापड अंगावर घेताना त्याला आपल्या राजाचा वकील असणं आठवत असावं. आमच्याकडं म्हणतात ना, उतरलेलं घालावं ते घरच्याचंच.

त्याच्याही आधीची एक गोष्ट याच मुलखातली. अशीरगड म्हणजे दख्खनचा दरवाजा. अकबरानं तो जानेवारी १६०१ मध्ये घेतला आणि खानदेशचं स्वतंत्र राज्य संपलं. अकबराच्या बरोबर असलेल्या जेझुइट पाद्र्यांची हकिकत सांगते की शेवटचा फारुकी राजा बहादूर गडावरून उतरला तेव्हा त्याच्या गळ्यात शरणागतीची खूण म्हणून एक पट्टा सोडलेला होता, गुडघ्यांपर्यंत येणारा. त्यानं तीनदा मुजरा केला. तेवढ्यानं भागलं नाही, एका सरदारानं त्याला मानगूट धरून जमिनीवर पाडलं. अबुल फजल गड पडल्याची गोष्ट वेगळ्या रीतीनं सांगतो. तो दरबारचा माणूस, त्याला मानगूट दिसणार नाही. अकबरानं मग प्रांताचं नाव मुलाच्या, दानियालच्या नावावरून दानदेश ठेवलं. आम्ही ते नाव वापरलं नाही. एवढा हट्टीपणा आमच्यात पहिल्यापासून आहे.

खरं तर रेशीम आमचं नव्हेच. ही काळी जमीन कपाशीची. अबुल फजलनं याच सुभ्याबद्दल लिहिताना धरणगावच्या सिरीसाफ आणि भिरौं या कापडांची नावं घेतलीत, तीही सुती तलम कापडं. फैजपूर ओळखलं जायचं लाल आणि गडद निळ्या रंगाईसाठी. ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरला आला, तर तिथली पारदर्शक कापडं इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातात असं सांगतो. काहींना सोन्याचांदीचे पट्टे आणि काठ असत. रेशमाचं सूत दुरून यायचं, चीनहून, बंगालहून. बुऱ्हाणपूरच्या हातात होती ती तार. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, आणि पोलादी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढत न्यायची, केसाएवढी होईपर्यंत. सोनं वरच राहतं, चांदीबरोबर ताणलं जातं, तुटत नाही. मग ती तार ठोकून चपटी करायची आणि पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची. झाला कलाबत्तू. पिवळाच धागा का, तर कुठं फट राहिली तरी आतून सोनंच दिसावं. राज्यकर्त्यांच्या जवळ वावरून कारागिरांना हे शहाणपण आपोआप आलं असणार.

ज्या रस्त्यानं हे सोनं जायचं त्याच रस्त्यावर १६३० साली काय होतं, हे पीटर मंडी नावाच्या इंग्रजानं लिहिलंय. दुष्काळाचं साल. तो सुरतेहून आग्र्याला निघाला, वाट नंदुरबार-बुऱ्हाणपूरची. वाटेवर माणसं मरून पडलेली, नंदुरबारला तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना. त्याच हिवाळ्यात शहाजहानची छावणी बुऱ्हाणपुरात होती, दख्खनच्या लढाईसाठी. पुढच्या जूनमध्ये तिथंच मुमताज बाळंतपणात गेली. तिचं चौदावं मूल होतं. तापीपलीकडच्या बागेत तिला सहा महिने ठेवलं, मग आग्र्याला नेलं. दरबारी बखरकार सांगतात, बादशहानं रंगीत वस्त्रं टाकली, पांढरं नेसला. बादशहाचं दुःख खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. पण दुःख झाल्यावर रेशीम उतरवून ठेवायला आधी अंगावर रेशीम लागतं. नंदुरबारच्या वाटेवर पडलेल्यांच्या अंगावर काय होतं ते मंडीनंच पाहिलं.

माझ्या वाटणीचा दुष्काळ १९७२ चा. मी तेव्हा दुसरीत. शाळेत सुकडी मिळायची, घरी लाल मिलोच्या भाकरी, ज्या तव्यावरच फुटायच्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोजगार हमीच्या पाझर तलावावर मुकादम होते म्हणून आमचं बरं होतं असं म्हणायचं. त्या उन्हाळ्यात गावात सायकलवरून एक माणूस आला. "जुनं जर, जुनं पैठण, शालू, शेला देता का" अशी आरोळी. हे लोक कापड बघत नसत, वजन बघत. आमच्या ट्रंकेत तेव्हा लुगड्याखेरीज एक शेलाही होता. जिजीनं तो बाहेर आणला. माणसानं दोन बोटांत चुरगाळून पाहिला, नखानं जर खरवडली, आणि दारातच लोखंडी घमेल्यात ठेवून पेटवला.

त्याचा वास मला अजून येतो. केस जळाल्याचा वास. रेशीम जळताना तसाच वास येतो, कारण तेही कुणाच्या तरी अंगातूनच निघालेलं असतं. ज्वाला फार झाली नाही. शेला आवळत गेला, काळा झाला, आणि मग राखेत चमचमता गोळा उरला, जाळीसारखा. माणसानं फुंकर घालून राख उडवली आणि गोळा तराजूत टाकला. जिजीला पैसे दिले. त्यांतून ज्वारी आली, आप्पांनी सांगितलेलं मला आठवतं, अर्धं पोतं. शेल्यावर काय नक्षी होती हे आमच्या घरात आज कुणालाच सांगता येत नाही.

पदर मात्र जिजीनं दिला नाही. माणसानं विचारलं होतं. ती म्हणाली, तो कानबाईचा.

दोन वर्षांपूर्वी पदराची घडी जिथं पडायची तिथं जर तुटायला लागली. वर्षानुवर्षं त्याच रेघेवर मोडलेलं कापड ते, चिरणारच. वहिनी म्हणाली, येवल्याला दाखवू. मी रिटायर्ड, मला वेळ होता. अमळनेरहून सकाळच्या एसटीनं निघाले, लुगडं जुन्या मऊ धोतरात गुंडाळून मांडीवर. धुळे गेलं, मालेगाव आलं. मालेगाव आलं की मला कवळाणे आठवतं. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. तेव्हा नाशिक जिल्हा व्हायचा होता, मालेगाव खानदेशातच होतं, म्हणून आम्ही त्याला आमचा म्हणायचं सोडत नाही. बारा वर्षांचा असताना तो बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. एका दिवसात सुती बंडीवरून किनखापावर. त्याच माणसानं १९११ च्या दिल्ली दरबारात, जिथं एकूण एक संस्थानिक हिऱ्यामोत्यांनी आणि जरीनं लवून गेला होता, साध्या पांढऱ्या पोशाखात जाऊन पंचम जॉर्जपुढं एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून चालू लागला. इंग्रजांच्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. नंतर दिलगिरीचं पत्र लिहावं लागलं, तेही खरं. पण रेशमाचा अर्थ ज्याला अंगावरून कळला होता, त्यालाच ते न घालण्याचाही अर्थ कळला असणार. बसमध्ये मला हे सगळं आमच्या घराण्याच्या अभिमानासकट आठवत होतं, कारण मांडीवर त्याच बडोद्याचा पोशाख होता ना!

येवल्यात ज्यांच्याकडं गेले ते विणकर सत्तरीचे. मागच्या खोलीत माग, खड्ड्यात पाय सोडून त्यांचा मुलगा बसलेला. पदराचं काम चालू होतं. रंगीत रेशमाच्या बोटभर कांड्यांची रांग ताण्यावर लोंबत होती. प्रत्येक रंगाला वेगळी कांडी, प्रत्येक पाकळीला वेगळा फेरा, आणि दोन रंग भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवायचे. दिवसभरात काही बोटं कापड होतं. त्यांनी आधी हात धुतले, मग माझं धोतर उलगडलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग पदर उलटा केला आणि मला म्हणाले, "ताई, ही बाजू बघा. आता ती बघा."

दोन्ही बाजू सारख्या होत्या. हीच अस्सल पैठणीच्या पदराची खूण. मागं सुटे धागे लोंबत नाहीत, पोपट इकडून बघा की तिकडून, पोपटच. फरक एकच होता. आमच्या नेहमीच्या बाजूला सत्तर-ऐंशी श्रावणांचा धूर, कापूर आणि हळदीचे हात लागले होते. आतली बाजू कधी उजेडात आलीच नव्हती. ती झळझळत होती.

"आणि ताई, पदर जुना आहे, चांगला जुना. अंग याचं नाही. हे बघा." त्यांनी नख ठेवलं तिथं, काठाच्या आत, बारीक टाक्यांची शिवण होती. इतकी वर्षं निऱ्या करताना आमच्या हाताखालून गेलेली. "हा कात्रीनं कापलाय. मागावरून उतरलेल्याला अशी कड नसते."

मी बडोद्याची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेत होते, जसं गिऱ्हाइकाचं ऐकतात. प्रत्येक जुन्या पदरामागं एक महाराज असतोच, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. माधवराव पेशव्यांच्या पत्रांत दुपट्ट्यांची मागणी आहे, असावली, म्हणजे फुलवेलीचे हवेत, तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी, गुलाबी, असे रंग मोजून लिहिलेत. विणणाऱ्यांची नावं? मला त्या पदरावर कुठं एखादी खूण सापडते का म्हणून मी डोळ्याला चष्मा लावून पाहिलं, आणि ते हसले.

विणकरांनी स्वतः आपल्याबद्दल बोललेलं मला एकच ठिकाण माहीत आहे, तेही नर्मदेपलीकडं, मंदसोरचा शिलालेख. लाट देशाचे, म्हणजे आपल्या पश्चिमेला लागून असलेल्या दक्षिण गुजरातचे रेशीम विणकर तिथं स्थायिक झाले. त्यांच्या श्रेणीनं इसवी सन ४३६-३७ च्या सुमारास सूर्याचं देऊळ बांधलं, आणि छत्तीस वर्षांनी त्याची डागडुजी केली. वत्सभट्टी नावाच्या कवीकडून लेख लिहून घेतला. त्यात राजाची स्तुती आहे, ती असतेच. पण मधेच एक श्लोक आहे, की बाई कितीही तरुण, सुंदर असो, सोन्याचा हार, विडा, फुलं सगळं ल्यालेली असो, रेशमी वस्त्रं नेसल्याशिवाय ती प्रियकराकडं जात नाही. देवळाच्या भिंतीवर आपल्या मालाची जाहिरात! त्याच शतकात इकडं अजिंठ्याच्या भिंती रंगत होत्या. तिथं राजे बघाल तर कमरेवर उघडे, खाली झिरझिरीत पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र, आणि अंगभर शिवलेले कपडे कुणाच्या अंगात, तर नोकरचाकरांच्या. शाळेच्या सहलीत दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, बाई, राजाला सदरा का नाही?

येवल्याहून परत आल्यावर मी चोपड्याला फुईकडं गेले. फुई म्हणजे आप्पांची बहीण, वय चौऱ्याऐंशी, कान गेलेत, आठवण नाही गेली. शिवणीबद्दल सांगितलं, बडोद्याचं नाव काढलं. ती सुपारी कातरत होती. कातरता कातरता थांबली.

"बडोदं ना फिडोदं. गहान उनं व्हतं ते."

तिच्या आजोबांच्या वेळचं. आमच्या घरात तेव्हा थोडी सावकारी चालायची, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. एक बाई आली होती, मोठ्या घरची. घराणं उताराला लागलेलं, नवरा गेलेला. चाळीस रुपयांना पदर आणि शेला ठेवून गेली. लुगड्याचं अंग तिनं दिलं नाही. पदर कापून दिला आणि अंग स्वतःच्या नेसण्यात ठेवलं. "सोडावले कोन्ही उनंच नही," फुई म्हणाली. मुदत गेली. पणजीनं कुठलंसं जांभळं कापड घेऊन त्याला पदर शिवला, पण नेसायची तिची हिंमत झाली नाही. गावानं ओळखलं असतं. म्हणून कानबाईला नेसवलं. कानबाईच्या अंगावर कुणाचा पदर आहे हे विचारायची सोय नसते.

त्या घराण्याचं नाव फुईनं सांगितलं. मी ते इथं लिहिणार नाही. त्यांना तो पदर कुणी, केव्हा, कशाबद्दल दिला होता, तेव्हा कुणाचा खांदा पुढं झाला होता, ते त्या बाईबरोबर गेलं. बडोद्याचे महाराज आमच्या कथेत कुणी घुसवले तेही फुईला ठाऊक होतं, पण ती नुसती हसली आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

यंदा कानबाई बसवायच्या आदल्या रात्री मी भावाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. भाऊ गप्प बसला. वकील असल्यामुळं त्यानं आधी मुदतबंदीचा विचार केला असणार. भाचीनं जळगावहून सेमी पैठणी आणली होती, मोरांची, चकचकीत, म्हणाली आता हीच नेसवू, जुनी फाटेल. वहिनीला ते पटेना. येवल्याच्या विणकरांनी सांगितलं होतं की घडी घालू नका, गुंडाळून ठेवा, आणि नेसवायचंच तर ताण दुसरीकडं पडू द्या.

रविवारी दुपारी रोटांची पुरणं वाटून झाल्यावर मीच नेसवायला बसले. अंग पहिल्यासारखंच घेतलं. शिवण निऱ्यांत दडवली, आणि पदर उलटा केला. आतली बाजू बाहेर. दोन सेफ्टी पिना लावल्या. दिवा लागला तेव्हा पोपट असे हिरवे दिसले की भाची "अय्या" म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळी भाऊबंदांतल्या बायका दर्शनाला आल्या. ओटी भरून निघताना एका म्हातारीनं कानबाईकडं निरखून पाहिलं, मग माझ्या कानाशी वाकून विचारलं.

"नवं लुगडं लिधं का व माय?"